बाबागाडी घेऊन मेट्रोने: बर्डीपासून पुण्या-मुंबईच्या भुयारापर्यंत

नागपूरच्या मेट्रोत भुयार नाही. खापरीकडची जमिनीवरची मोजकी स्थानकं सोडली, तर सगळा मार्ग खांबांवरून जातो. त्यामुळे बाबागाडी घेऊन निघालेल्या आईबापांपुढे इथे प्रश्न असतो वर कसं चढायचं हा, आणि सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलं की खाली कसं उतरायचं हा. एकदा डब्यात पोचलं की दोन्हीकडे फारसं काही अडत नाही. अडतं ते रस्ता आणि फलाट यांच्या मधे. म्हणून बाबागाडीचा प्रवास स्थानक ते स्थानक असा आखू नका, लिफ्ट ते लिफ्ट असा आखा. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

बाळ घेऊन मेट्रोने जातो म्हटलं की घरून हमखास ऐकू येतं, "कशाला तो पसारा? कडेवर घे अन् ऑटो कर." सल्ला मायेचा असतो, पण मला पटत नाही. ऑटोत बाळ मांडीवर असतं, त्याला पट्टा नसतो, दोन्ही बाजू उघड्या असतात आणि सिग्नलला पुढच्या बसचा धूर थेट तोंडावर येतो. दुचाकीवर दोघांच्या मधे बाळ धरून नेणं तर डोळ्यांसमोर आलं तरी पोटात गोळा येतो. मेट्रोत बाळ पट्ट्याने बांधलेलं असतं, हवा गार असते आणि आईचे खांदे मोकळे राहतात. लिफ्टसमोर उभं राहताना संकोच करायचं काहीच कारण नाही. दिव्यांग, म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि चाकांवर लेकरू घेऊन आलेली माणसं यांच्यासाठीच ती आहे.

गाडी कोणती न्यावी

घरी दोन गाड्या असतील तर हलकी न्या. एकच घ्यायची असेल तर दुकानात तीन गोष्टी करून पाहा. एका हाताने ती मिटते का? मिटल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहते का? आणि मिटलेली गाडी एका हातात, बाळाच्या वजनाएवढी पिशवी दुसऱ्या हातात घेऊन दहा-बारा पायऱ्या चढता येतात का? दुकानदार कप होल्डर आणि गादीचं कौतुक सांगेल. तुम्हाला उपयोगी पडणार आहे ती ही पायऱ्यांची परीक्षा. पाच ते सात किलोची गाडी बहुतेकांना झेपते. बारा-चौदा किलोची झेपत नाही, मग ती कितीही देखणी असो.

पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून. फक्त कमरेचा पट्टा असला तर ब्रेक लागताच बाळ पुढे घसरतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, मान नीट धरत नसेल, तर पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी लागते. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाड्यांमध्ये बाळ अर्धवट बसतं आणि हनुवटी छातीला टेकते, म्हणजे श्वासाला त्रास. एवढ्या लहान बाळासाठी पुढे बांधायचं कॅरिअर बरं. त्यातही तोंड-नाक मोकळं दिसलं पाहिजे आणि हनुवटी वर राहिली पाहिजे.

कॅरिअर तसंही सोबत असू द्या. घडी करून गाडीखालच्या जाळीत मावतं, आणि लिफ्ट बंद निघाली तर तेच कामाला येतं.

घरातून निघण्याआधी

नागपूरच्या दोन्ही मार्गिका ११ डिसेंबर २०२२ पासून पूर्ण सुरू आहेत. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि अ‍ॅक्वा लाइन लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर. दोन्ही बर्डीला, म्हणजे सीताबर्डी स्थानकात मिळतात. नकाशा सोपा आहे, पण बाबागाडी सोबत असताना काही नावं फसवतात.

पुण्याची वंदे भारत अजनीहून सुटते, म्हणून कुणी अजनी चौक स्थानकावर उतरलं तर बाळ आणि सामान घेऊन वर्धा रोडवर ऑटो शोधत बसावं लागतं. अजनी रेल्वे स्थानकाला जवळ पडतं ते काँग्रेसनगर. एअरपोर्ट स्थानकाचंही तसंच. ते विमानतळाच्या दारात नाही, तिथून टर्मिनलपर्यंत वेगळं वाहन लागतं. मुख्य रेल्वे स्थानकासाठी अ‍ॅक्वा लाइनवरचं नागपूर रेल्वे स्टेशन घ्यायचं. ते संत्रा मार्केटच्या बाजूला आहे. तुमची आगगाडी एक नंबर फलाटाच्या बाजूला लागणार असेल, तर रुळांवरचे पूल ओलांडायला जास्तीचा वेळ हाताशी ठेवा.

मग लिफ्ट. मेट्रोचं स्थानक बहुधा रस्त्याच्या दोन्ही अंगांना उतरतं, पण प्रत्येक जिन्याशेजारी लिफ्ट असेलच असं नाही. आपल्या नेहमीच्या स्थानकावर एकदा बाळाशिवाय जाऊन बघून या: लिफ्ट रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, तिच्यापर्यंत फुटपाथ सलग आहे का, की मधे ठेला, उंच कठडा, उघडं गटार आहे. रस्ता ओलांडायचाच असेल तर शक्यतो स्थानकातूनच ओलांडा. एका बाजूच्या लिफ्टने वर, आतून पलीकडे, दुसऱ्या बाजूच्या लिफ्टने खाली. वर्धा रोड किंवा सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर चारचाकींच्या मधून बाबागाडी ढकलण्यापेक्षा हे शंभर पटींनी सुरक्षित आहे. स्थानकात गेल्यावर तिकीट न काढता पलीकडे जाता येतं का, ते तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा.

वेळ निवडता येत असेल तर सकाळी ऑफिसला जाण्याची आणि संध्याकाळी परतायची वेळ टाळा. जामठ्याला क्रिकेटचा सामना असेल तेव्हा ऑरेंज लाइन, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणारी स्थानकं गर्दीने भरलेली असतात. त्या दिवशी बाबागाडी घरी ठेवा, बाळ कॅरिअरमध्ये घ्या. गर्दीत लोकांची नजर समोर असते, गुडघ्याच्या उंचीवरची गाडी त्यांना दिसतच नाही.

सामान: हँडलला काही नाही

बाबागाडीच्या हँडलला पिशवी अडकवायचा मोह सगळ्यांना होतो. बाळ बसलेलं असतं तोवर गाडी तोल धरून असते. पण फलाटावर बाळ रडतं, आई पट्टा सोडून त्याला उचलते, आणि पुढचं वजन गेल्याबरोबर मागच्या पिशवीने गाडी उताणी होते. दुधाची बाटली फरशीवर, डायपर चहूकडे. हे तरी परवडलं. बाळाचा एक पाय अजून पट्ट्यात असताना गाडी मागे गेली, तर डोक्याला मार बसतो. जड सामान खालच्या जाळीत ठेवा, आणि लागणाऱ्या वस्तूंची पिशवी पाठीवर घ्या. खांद्यावरची पर्स वाकलं की घरंगळून पुढे येते, म्हणून पाठीवरचीच.

दुसरी गोष्ट दुपट्ट्याची आणि पदराची. लांब दुपट्टा सुटा सोडला तर वाऱ्याने मागच्या चाकात जातो आणि दोन फेऱ्यांत आसाला घट्ट गुंडाळला जातो. गाडी जागीच थांबते आणि चालणारीच्या गळ्याला हिसका बसतो. निघण्याआधी दुपट्टा तिरपा घेऊन कमरेशी गाठ मारा, पदर खोचा. बाळाच्या चादरीची टोकंही गादीखाली सरकवून ठेवा.

आणि एका चिठ्ठीवर दोघांचे मोबाइल नंबर लिहून ती गाडीच्या आतल्या कप्प्यात ठेवा. कशासाठी, ते पुढे येईल.

तिकीट, तपासणी आणि गेट

कडेवरच्या, बाबागाडीतल्या बाळाला तिकीट लागत नाही. आपल्यासाठी महाकार्ड, म्हणजे मेट्रोचं प्रवासाचं कार्ड, किंवा मोबाइलवरचं तिकीट आधीच तयार ठेवलं, की खिडकीपुढे एका हाताने पैसे मोजत उभं राहावं लागत नाही. बाबागाडी आत नेऊ देतील का, ही शंका अनेकांना असते. नागपूर मेट्रोत सायकल नेता येते, मग बाळाच्या गाडीचं काय घेऊन बसलात.

तपासणीला पाठीवरची पिशवी मशीनवर जाते. गाडी मशीनवर घालायची नसते, ती हाताने तपासतात. त्या वेळी बाळ कडेवर घ्या. गाडीच्या जाळीत काय आहे ते आधीच सांगितलं, दुधाची बाटली आणि पाण्याचा थर्मास वर काढून दाखवला, की दोन मिनिटांत सुटका होते.

गेट निवडताना रुंद गेट बघा. त्यावर व्हीलचेअरचं चिन्ह असतं. कार्ड टेकवा, पाती पूर्ण उघडू द्या, मगच गाडी पुढे घाला आणि न थांबता सरळ पार व्हा. घाईत गाडीचं नाक पात्यांना टेकवून उभं राहायचं नाही. दोघं मोठे असाल तर एकाने आधी नेहमीच्या गेटने पलीकडे जावं आणि दुसऱ्याने गाडीसह रुंद गेटने. गेट अडलं तर शेजारी उभ्या कर्मचाऱ्याला हाक मारा, बाजूचं दार उघडून देतात.

लिफ्ट

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

लिफ्टचं दार उघडलं की लोक आत शिरतात, आणि बाबागाडीवाली बाई मागे सरते. पुढची लिफ्टही भरते. तरणीताठी माणसं आत उभी आणि बाळ बाहेर, हे चित्र बदलायला भांडण लागत नाही. दार उघडायच्या आतच, मोठ्याने पण हसून म्हणा, "भाऊ, गाडी आधी जाऊ द्या, जिन्याने नाही नेता येत." कारण सांगितलं की माणसं बाजूला होतात. नागपूरचा माणूस अशा वेळी आडमुठा वागत नाही, त्याला फक्त सांगावं लागतं. मात्र व्हीलचेअर किंवा काठी घेतलेली आजी रांगेत असेल तर आपण थांबायचं.

आत शिरताना पाठमोरं शिरा. आधी तुम्ही, मग तुमच्यामागे ओढलेली गाडी. सरळ ढकलत गेलात तर बाळ आत आणि तुम्ही दारात, अशी एक घडी येते आणि नेमकं तेव्हाच दार मिटायला लागतं. पाठमोरं गेलं की आधी तुम्ही आत असता, दार तुमच्या डोळ्यांसमोर असतं, आणि बाहेर पडताना सरळ पुढे चालत निघता. काही लिफ्टना दोन्ही बाजूंना दारं असतात. तिथे वर पोचल्यावर कोणतं दार उघडणार ते आधी विचारून घ्या. आत गेल्यावर ब्रेक लावा, बाळाचे हात आत आहेत का पाहा. दाराच्या फटीकडे बोटं नेणं हा दहा महिन्यांच्या पोरांचा आवडता उद्योग असतो.

सरकत्या जिन्यावर बाबागाडी न्यायची नाही. बाळ बसलेलं असताना तर कधीच नाही. पुढची चाकं पायरीवर टिकत नाहीत, वर पोचताना कडेला अडकतात, आणि मागून येणारा माणूस अंगावर येतो. "सगळेच नेतात" हे ऐकू नका. लिफ्टसाठी पाच मिनिटं थांबणं कधीही परवडतं.

फलाटावर

फलाटावर पोचलात की गाडी रुळांना समांतर उभी करा, तोंड रुळांकडे कधीच नको. ब्रेक विसरलाच, तरी समांतर गाडी रुळांच्या दिशेने घरंगळत नाही. पिवळ्या पट्ट्याच्या बऱ्यापैकी मागे, भिंतीच्या किंवा खांबाच्या आधाराने उभं राहा. दोन्ही चाकांचे ब्रेक लावा. आणि ब्रेक लागल्यावर एकदा गाडी हलवून बघा, कारण धुळीने भरलेला ब्रेक खट्ट वाजतो पण पकडत नाही. एक हात गाडीवर कायम हवा. फोनवर बोलायचं असेल तर दुसऱ्या हाताने.

व्हीलचेअरच्या जागेचं चिन्ह कोणत्या डब्यावर आहे ते येणाऱ्या ट्रेनवर बघून ठेवा. आपल्या ट्रेनला तीनच डबे असतात, फार धावाधाव लागत नाही. पुढच्या वेळी आधीच त्या जागी उभं राहता येतं.

डब्यात चढताना

फलाट आणि डब्याची जमीन जवळपास एका पातळीत असते, पण मधे फट असते. मोठ्या माणसाचा पाय ती सहज ओलांडतो, बाबागाडीचं पुढचं चाक मात्र लहान असतं आणि सगळीकडे वळतं. गाडी तिरकी गेली तर ते चाक फटीशी येऊन आडवं वळतं आणि आत उतरून बसतं. मागून लोक ढकलतात, आई घाबरून जोरात लोटते, चाक आणखी रुततं.

म्हणून चढायची रीत अशी: उतरणारे सगळे उतरू द्या. दाराच्या अगदी काटकोनात उभं राहा. फटीच्या वीतभर आधी हँडल खाली दाबा, म्हणजे पुढची चाकं उचलली जातील. मागच्या दोन मोठ्या चाकांवर गाडी पुढे घ्या, पुढची चाकं डब्यात टेकवा, मग मागची चाकं फटीवरून एका दमात आत घ्या. पुढची चाकं सरळ कुलूपबंद करायची सोय गाडीला असेल तर फलाटावरच ती बंद करून घ्या. हे घराच्या उंबरठ्यावर चार वेळा करून पाहिलं की हात बसतो. चाक अडकलंच तर पुढे लोटू नका. हँडल दाबून मागे ओढा.

दार मिटायचा इशारा वाजायला लागला असेल तर चढू नका. पुढची ट्रेन येतेच. मिटणाऱ्या दारात गाडी घालून दार थोपवणारी माणसं मी पाहिली आहेत. हे फार धोक्याचं आहे. दाराला जाड वस्तू जाणवते, पण पट्ट्याची बारीक दोरी किंवा दुपट्ट्याचं टोक जाणवेलच असं नाही.

सोबत मोठं मूल असेल तर कोणी आधी चढायचं ते फलाटावरच ठरवा. एकटे असाल तर मोठ्या मुलाचा हात गाडीच्या दांड्यावर ठेवायला लावा आणि दोघांना एकदमच आत घ्या. नवरा-बायको दोघं असाल तर एकाने मोठं मूल, एकाने गाडी, आणि ठरलं की ऐन दारात अदलाबदल नाही.

आणि समजा दार मिटलं, गाडी आत गेली आणि तुम्ही बाहेर राहिलात. असं घडू नये म्हणूनच वरचं सगळं आहे, तरी काय करायचं ते माहीत हवं. ट्रेनबरोबर धावू नका, दार उघडायचा प्रयत्न करू नका. आतल्या माणसांना मोठ्याने सांगा: "चालकाशी बोलायचं बटण दाबा, बाळाला पुढच्या स्टेशनवर उतरवा." डब्यात दाराजवळ असं बटण असतं. लगेच फलाटावरच्या कर्मचाऱ्याला गाठून ट्रेन कोणत्या दिशेने गेली आणि डबा कितवा, हे सांगा. चिठ्ठीवरचा नंबर इथे उपयोगी पडतो.

डब्यात

व्हीलचेअरची जागा मोकळी असेल तर तिथे, नसेल तर दाराच्या वाटेत न येणाऱ्या कोपऱ्यात गाडी लावा. ब्रेक लावा, बाळाचं तोंड स्वतःकडे ठेवा आणि हँडल धरून ठेवा. ट्रेन सुटताना आणि थांबताना जो झटका बसतो, त्याने ब्रेक लावलेली गाडीही सरकू शकते. कुणी बसायला जागा दिली तर गाडी पायांच्या मधे घेऊन बसा. जागा मिळाली म्हणून गाडी पलीकडे ठेवून इकडे बसणं नको. गर्दी वाढली तर बाळ कडेवर घ्या, गाडी मिटून पायाशी धरा.

पट्टा डब्यात सोडू नका. बाळ रडतं म्हणून उचलायचंच असेल तर आधी स्वतः बसा किंवा पाठ टेकवा. उभ्याने एका हातात बाळ आणि एका हातात गाडी असली की तोल जातो.

डब्यातलं एसी आपल्याला सुखाचं वाटतं, पण बाहेरच्या उन्हातून घामेजलेलं बाळ एकदम गारव्यात येतं. मान आणि पाठ कोरड्या फडक्याने टिपा, पायमोजे घाला, बस. जाड गोधडी नको.

बर्डीला बदलताना

सीताबर्डीला दोन्ही मार्गिकांचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. मार्गिका बदलायची असेल तर गेटबाहेर पडायचं नाही, आतूनच लिफ्टने जायचं. उतरल्यावर गर्दीबरोबर चालत सुटू नका, कारण गर्दी सरकत्या जिन्याकडे जाते. दोन मिनिटं भिंतीशी थांबा, फलाट रिकामा होऊ द्या, मग लिफ्टची पाटी शोधा. पाटीवर लाइनचा रंग बघून घ्या. बाळाचं दूध, डायपर हे सगळं इथेच उरकलं तर बरं पडतं. आडोशाची जागा कर्मचारी महिलेला विचारा. अशा वेळी बायका बायकांना मदत करतातच.

उतरताना रीत तीच: एक स्थानक आधी ब्रेक काढायची तयारी, दाराशी काटकोनात, हँडल दाबून पुढची चाकं वर. फलाट डब्यापेक्षा खाली वाटला तर मात्र पाठमोरं उतरा, म्हणजे मोठी चाकं आधी खाली जातात.

लिफ्ट बंद असेल तर

पहिलं काम, कर्मचाऱ्याला सांगा आणि दुसरी लिफ्ट आहे का विचारा. अनेकदा पलीकडच्या बाजूची चालू असते. ती नसेल, तर पुढच्या स्थानकावर उतरून परत येणं हा पर्याय दिसतो त्याहून चांगला आहे.

जिनाच चढायचा झाला तर बाळ गाडीत ठेवून दोघांनी पालखीसारखी गाडी उचलायची, हे बघायला सोपं वाटतं. करू नका. पायाची पट्टी किंवा पुढचा गोल दांडा धरून उचललं तर तो हातात निघून येऊ शकतो. बाळ आधी बाहेर काढा, कॅरिअरमध्ये बांधा, एक हात कठड्यावर ठेवा. मदत मागताना "जरा मदत करता का?" असं मोघम म्हटलं की माणूस गोंधळतो, काय करायचं ते त्याला कळत नाही. "भाऊ, ही मिटलेली गाडी वर नेऊन द्याल का?" असं नेमकं सांगा. अनोळखी माणसाच्या हातात गाडी द्यायची, बाळ आपल्याजवळ.

उन्हाळा

नागपुरात एप्रिल-मे आणि नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) यांचा विचार केल्याशिवाय बाबागाडीबद्दल लिहिणं अपुरं राहील. पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो, कधी त्याच्याही पुढे. मेट्रो गार असली तरी घर ते स्थानक हा तुकडा उन्हातलाच असतो.

ऊन लागू नये म्हणून गाडीवर चादर किंवा पंचा टाकून ती चारही बाजूंनी झाकायची सवय आपल्याकडे फार आहे. कळकळीने सांगते, हे थांबवा. कापड झाकलं की आत वारा खेळत नाही, थोड्याच वेळात आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, आणि बाळ आपल्याला दिसतही नाही. छत पुढे ओढा, छत्री लावा, पण बाजू मोकळ्या ठेवा. प्लॅस्टिकचं पावसाळी कव्हरही पाऊस थांबला की लगेच काढा.

उन्हात उभी राहिलेली गाडी परत घेताना पट्ट्याच्या कडीला तळहाताची मागची बाजू लावून बघा. कडी धातूची असेल तर चटका बसतो, आणि ती नेमकी बाळाच्या उघड्या मांडीवर टेकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नसतं. त्याऐवजी जास्त वेळा अंगावर पाजायचं. सकाळी नऊच्या आत जाऊन येता येत असेल तर त्यासारखं काही नाही. दुपारी बारा ते चार नकोच.

पुण्यात

१० ऑगस्ट २०२५ ला अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, तेव्हापासून नातवंडं घेऊन पुण्याला जाणं-येणं वाढलंय. डब्यातली वाट अरुंद असते, म्हणून फलाटावरच गाडी मिटा आणि उतरायच्या आधी दाराशी या.

पुण्यात रेल्वे स्थानकाजवळचं मेट्रो स्थानक उंचावर आहे, ते तिथल्या अ‍ॅक्वा लाइनवर. नाव आपल्यासारखंच आहे, मार्ग वनाझ ते रामवाडी. मंडई किंवा स्वारगेटला जायचं असेल तर मधे मंगळवार पेठ सोडून सिव्हिल कोर्टला (पाटीवर जिल्हा न्यायालय) उतरायचं आणि पर्पल लाइन पकडायची. ती इथे जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. म्हणजे उंचावरच्या फलाटावरून रस्त्याच्या पातळीला आणि तिथून खोल खाली. एका लिफ्टने हे होईल असं धरून चालू नका. लिफ्टच्या टप्प्यांसाठी आणि मधल्या चालण्यासाठी पंधरा-वीस मिनिटं धरा. शिवाजीनगर, सिव्हिल कोर्ट, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही पाच स्थानकं भुयारी आहेत. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा तुकडा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. पेठांमध्ये रस्ते अरुंद आहेत, त्यामुळे लिफ्ट जिथे वर येते त्याच दाराला नातेवाइकांना बोलवा. "मंडईच्या मेट्रोजवळ ये" एवढं पुरत नाही.

मुंबईत

विदर्भ एक्सप्रेस सीएसएमटीला पोचते आणि तिथेच जमिनीखाली मेट्रो-३ चं स्थानक आहे. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. २७ पैकी २६ स्थानकं भुयारी आहेत, आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना तिचं स्थानक आहे. लोकलच्या गर्दीत बाबागाडी घालण्यापेक्षा ही कितीतरी बरी.

भुयारात तीन गोष्टी वेगळ्या असतात. पहिली, फलाटाच्या कडेला काचेची दारं असतात. ट्रेनचं दार आणि काचेचं दार अशी दोन दारं एकाच दमात पार करायची, मधल्या जागेत क्षणभरही थांबायचं नाही. दुसरी, आवाज. बोगद्यात चाकांचा आवाज भिंतींवरून परत येतो आणि आपल्या उघड्या मार्गाला सरावलेलं बाळ दचकून रडतं. ट्रेन सुटायच्या आधी त्याच्या डोळ्यांच्या पातळीला वाका, बोलत राहा, हात धरा. पहिली दोन स्थानकं गेली की बहुतेक पोरं शांत होतात. तिसरी, फोन. जमिनीखाली रेंज जाऊ शकते. दोघं वेगवेगळ्या वाटांनी निघणार असाल, एक गाडीसह लिफ्टने आणि एक सामानासह जिन्याने, तर भेटायची जागा खाली उतरण्याआधीच ठरवा. तिकीट आणि नकाशा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भुयारी स्थानकाला रस्त्यावर बरीच दारं असतात आणि त्यांना क्रमांक असतात, पण लिफ्ट सगळ्या दारांना नसते. खाली गेटबाहेर पडलं की आधी भिंतीवरच्या नकाशात लिफ्टचं चिन्ह असलेलं दार शोधा, मग टॅक्सीवाल्याला तोच क्रमांक सांगा. वर आल्यावर टॅक्सी समोर उभी राहिली, की आधी सामान डिकीत, मग बाळ कडेवर, मग गाडी मिटून आत, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही.